थांबलेला घाणा

कोकणातल्या बेने इस्राएलांना शेजारीपाजारी 'शनवार तेली' म्हणत. शब्दांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला हे नाव फार बोलके वाटते. धंद्यावरून पडलेली नावे माणूस काय करतो ते सांगतात. हे नाव तो कोणत्या दिवशी ते करत नाही, हेही सांगते. अलिबाग, नवगाव, रेवदंडा या पट्ट्यात सोमवारी घाणा बंद ठेवणारे तेलीही होते. यांचा घाणा शनिवारी बंद असे. हिब्रू भाषा जवळजवळ विस्मरणात गेली होती, ग्रंथ हाताशी नव्हते. उरले होते ते मोजकेच: 'शेमा' ही प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवारचा हा न फिरणारा घाणा.

शब्बाथची आज्ञा फक्त घरधन्यासाठी नाही. मुलगा, मुलगी, नोकरचाकर, दारी आलेला परका आणि गुरेढोरे, सगळ्यांना त्या दिवशी विश्रांती. म्हणजे घाण्याला जुंपलेल्या बैलालाही. पुढे मिश्नाने निषिद्ध कामांचे ३९ प्रकार मोजून ठेवले: पेरणे, दळणे, विणणे, लिहिणे, पुसणे, विस्तव पेटवणे, विझवणे. ही यादी पाहिली की लक्षात येते, हा त्या काळच्या तंत्रज्ञानाचाच आराखडा आहे. म्हणून प्रत्येक नवे यंत्र आले की ज्यू पंडितांना पोथ्या उघडाव्या लागल्या. यंत्राचा वैताग आणि धर्माचा अभ्यास यांची तिथे जुनी सोबत आहे.

या सोबतीतला सर्वांत गाजलेला तंटा भाकरीवरून झाला. वल्हांडणाच्या सणात बेखमीर भाकर, म्हणजे मात्सा, खायची असते. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत ती भट्टीत गेली पाहिजे, नाहीतर पीठ आंबले असे धरतात. घड्याळाशी अशी शर्यत असताना यंत्राचा मोह पडणे साहजिक होते. १८३८ साली फ्रान्सच्या अल्सेस प्रांतात आयझॅक सिंगर नावाच्या गृहस्थाने कणीक लाटणारे यंत्र तयार केले. ते हळूहळू पूर्वेकडे पसरले आणि १८५९ साली गॅलिशियात वादाचा भडका उडाला. ब्रॉडी गावचे श्लोमो क्लुगर यांनी यंत्राची मात्सा निषिद्ध ठरवली. लेंबर्गचे योसेफ शाउल नाथानसन यांनी ती चालते असा निवाडा दिला.

क्लुगर यांचे आक्षेप मला अजूनही नीट वाचावेसे वाटतात. दातऱ्यांत अडकलेले पीठ आंबणार, हा एक. मात्सा करताना मनात त्या विधीचा हेतू असावा लागतो, आणि यंत्राला हेतू नसतो, हा दुसरा. तिसरा आक्षेप पोटापाण्याचा होता. सणाआधीच्या काही आठवड्यांत गरीब माणसे मात्सा लाटून चार पैसे मिळवत आणि त्यावर त्यांचा सण निघे. यंत्राने तेच हिरावले जाणार होते. नाथानसन यांचे उत्तरही तितकेच धारदार होते: असेच असेल तर छापखानाही बंद करावा लागला असता, कारण त्याने पोथ्या उतरवणाऱ्या लेखनिकांची कमाई बुडवली. आज भाषांतराची यंत्रे माझ्या टेबलावर येऊन बसली आहेत. या दोघांपैकी कोणाच्या बाजूने उभे राहायचे, हे मला ठरवता येत नाही. नाथानसन यांचा तर्क पटतो, पण क्लुगर यांचा तिसरा मुद्दा खोडला गेला असे वाटत नाही.

इकडे आपल्याकडे पुण्यात १८७४ साली हिब्रू आणि मराठी अशी हग्गादा छापली गेली. हग्गादा म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरोघरी वाचायची पोथी. तिच्यातल्या एका चित्रात लुगडी नेसलेल्या बायका मात्सा करताना दिसतात. गॅलिशियातला वाद त्यांच्या पोळपाटापर्यंत पोचला नव्हता. त्याआधी १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा निघाली, ती शिळाछापावर. शिळाछापाचे एक सुख असे की खिळे जुळवावे लागत नाहीत. लेखनिकाने जे हाताने लिहिले ते दगडावर उतरते आणि दगडावरून कागदावर. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, मराठी डावीकडून उजवीकडे. दगडाला दोन्ही सारखीच.

संगणकाला मात्र ती सारखी नाहीत. मराठी वाक्यात हिब्रू अवतरण घातले की स्वल्पविराम उडी मारून भलत्या टोकाला जातो, कंस उलटे होतात, आकडे जागा बदलतात. कारण साधे आहे: अक्षरांना स्वतःची दिशा असते, विरामचिन्हांना नसते. ती आजूबाजूच्या अक्षरांकडे पाहून कुठे वळायचे ते ठरवतात आणि दोन लिप्यांच्या सीमेवर त्यांचा अंदाज चुकतो. एका प्रकाशनगृहाकडून मला आलेल्या मुद्रितात ओळीच्या ओळी अशा उलटल्या होत्या आणि तिथल्या कोणाला ते कळलेही नव्हते. शेवटी ती पाने हाताने, शब्दागणिक तपासावी लागली. त्या कामात मूळ मजकूर माझा पाठ झाला, हा त्यातला अनपेक्षित लाभ.

अशाच एका अडचणीतून मोठे काम उभे राहिले. १९६३ साली इस्राएलमधल्या वाइझमान संस्थेत अविएझ्री फ्रेंकेल यांनी धर्मनिर्णयांचे शतकानुशतकांचे साहित्य संगणकावर शोधता यावे म्हणून प्रकल्प सुरू केला. पुढे तो बार-इलान विद्यापीठात रुजला. नुसता शब्द टाकून शोध लागेना, कारण हिब्रूत 'आणि', 'मध्ये', 'पासून', 'जो' हे सारे एकेका अक्षराने शब्दाच्या डोक्याला चिकटतात. मराठी वाचकाला हे दुखणे ओळखीचे वाटेल. 'देऊळ' शोधले तर 'देवळात' सापडत नाही, 'पाणी' शोधले तर 'पाण्याला' हुकते. त्या मंडळींना यंत्राला आधी व्याकरण शिकवावे लागले. २००७ साली या प्रकल्पाला इस्राएल पारितोषिक मिळाले.

विजेचा प्रश्न तर अजून मिटलेला नाही. १९३५ साली जेरुसलेमच्या तरुण श्लोमो झाल्मान आउएरबाख यांनी त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. दिव्याची तप्त तार हा विस्तवच, यावर बहुतेकांचे एकमत झाले. पण जिथे काही तापतच नाही तिथे काय? वर्तुळ पूर्ण करणे हे 'बांधणे' या निषिद्ध कामात मोडते, असे हाझोन ईश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अव्राहम कारेलित्झ यांचे मत. आउएरबाख यांना ते पटले नाही. तरीही रूढी म्हणून, पाळणाऱ्यांच्या घरी कळ दाबली जात नाही.

त्याचा एक परिणाम ग्रंथप्रेमींनी ध्यानात घेण्याजोगा आहे. तल्मूदची सारी २,७११ पाने आज खिशातल्या फोनवर मावतात. ती रोज एक पान या क्रमाने सुमारे साडेसात वर्षांत वाचून काढण्याची प्रथा १९२३ पासून चालू आहे, आणि तिच्यात शनिवारची सुट्टी नाही. त्या दिवसाचे पान फोनवर वाचता येत नाही. म्हणून त्या घरांतून छापील खंड हलत नाहीत, आणि छापणाऱ्यांचे कामही थांबत नाही. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत पडदा बंद होतो, कपाट उघडते, आणि दोघे जण एका पानावर वाकून वाद घालू लागतात.