गहाणाच्या पेटींतील इतिहास

जळगांवच्या सराफ बाजारांत किंवा धुळ्याच्या एखाद्या जुन्या पेढीवर मुदत उलटलेल्या गहाणाची पेटी उघडली, म्हणजे तिच्यांतून निरनिराळ्या काळांतील वस्तू एकत्र बाहेर पडतात. झिजलेले तोडे, वांकलेली सरी, पुतळ्यांची तुटकी माळ, देव्हाऱ्यांतील चांदीचे टांक, आणि कधीं कधीं फडक्याच्या पुरचुंडींत बांधलेलीं चारदोन नाणीं, ज्यांवरील अक्षर घरांत कोणासच लागत नव्हतें. पेढीवर त्यांचे तीन ढीग होतात : सोनें, रुपें, आणि तांबें-पितळ. तराजू पुढें येतो, कसोटीचा काळा दगड पुढें येतो, आणि एक आंकडा सांगितला जातो. त्या आंकड्यांत वस्तूचें वय, तिच्यावरील ठसा, ती कोणत्या गांवाहून आली, यांपैकीं कशासच जागा नसते.

ह्यांत सराफाचा दोष नाहीं. त्याची विद्या फार जुनी असून आपल्या क्षेत्रांत ती अचूक आहे. मात्र ती निराळ्याच प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं जन्मास आली. मराठी मुलखांतील गांवगाड्यांत पोतदार नांवाचा वतनदार असे. वसूल सरकारांत भरतांना नाणें खरें कीं खोटें, पुऱ्या कसाचें कीं उणें, हें सांगणें त्याचें काम. त्याची गरज मोठी होती, कारण इ. स. १८३५ मध्यें कंपनी सरकारनें एका वजनाचा व एका कसाचा रुपया चालू करीपर्यंत बाजारांतील रुपया हा एक रुपया नव्हताच. खानदेशाच्या शेजारीं चांदवडास टांकसाळ होती, तिचे चांदवडी रुपये होते, अंकुशी होते, आणखीही कितीतरी होते. एका पेठेंत जो रुपया पुऱ्या मोलानें चाले, त्यावर दुसऱ्या पेठेंत बट्टा द्यावा लागे. नांवाला बट्टा लागतो म्हणतात तो ह्याच व्यवहारांतला. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची धुरा ज्या महामहोपाध्यायांनीं वर्षानुवर्षें वाहिली त्यांचें आडनांव पोतदारच असावें, हा योगायोग मोठा गमतीचा म्हटला पाहिजे.

ही विद्या ग्रंथरूपानेंही उतरलेली आहे. दिल्लीच्या टांकसाळींत काम केलेल्या ठक्कुर फेरू नांवाच्या जैन गृहस्थानें इ. स. १३१८ मध्यें ‘द्रव्यपरीक्षा’ हा प्राकृत ग्रंथ लिहिला. त्यांत निरनिराळ्या राज्यांच्या नाण्यांचें वजन, कस आणि मोल दिलें असून देवगिरीच्या नाण्यांचाही त्यांत समावेश आहे. दिल्लीनें देवगिरीचें द्रव्य लुटून नेल्यावर तें आटविण्यापूर्वीं कोणीतरी मोजून लिहून ठेवलें, हें इतिहासाचें भाग्यच.

सराफाच्या परीक्षेंत दगडाइतकाच कानाचाही वाटा असे. ठशानें ठोकलेलें नाणें फरशीवर टाकलें कीं खणखणीत वाजतें. सांच्यांत ओतलेलें खोटें नाणें बद्द वाजतें. नुसत्या आवाजावर भिस्त ठेवणाराची फसगत मात्र व्हावयाचीच, कारण खऱ्या नाण्याला बारीकशी चीर गेलेली असली तरी त्याचा नाद बसतो. संशय आला कीं सराफ छिन्नीनें नाण्यावर लहानसा टोंचा मारून आंतील धातु पाहत असे. जुन्या रुपयांवर अशा खुणा पुष्कळ आढळतात. आजचे हौशी संग्राहक त्या पाहून नाक मुरडतात. वास्तविक तो नाणें खरोखर हातोहात फिरल्याचा दाखला आहे. अट एवढीच कीं, त्या खुणेची कड धारदार असावी. ओतीव नकलेंत मूळ नाण्यावरची खूणही उतरते, परंतु ती मऊ व बुजलेली उतरते.

आतां पेटींतील पुतळ्यांच्या माळेकडे वळूं. ही माळ महाराष्ट्रांत इतक्या घरीं आहे कीं तिचें मूळ विचारावें असें कोणास वाटत नाहीं. तें मूळ व्हेनिस शहरांत आहे. व्हेनिसच्या प्रजासत्ताकानें इ. स. १२८४ पासून सोन्याचें डुकाट नांवाचें नाणें पाडावयास आरंभ केला. वजन सुमारें साडेतीन ग्रॅम, म्हणजे साडेतीन माशांहून किंचित अधिक. सोनें जवळजवळ निर्भेळ. एका बाजूस संत मार्क उभा असून त्याच्यासमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपति निशाण स्वीकारीत आहे. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनीं भरलेल्या लंबवर्तुळांत येशू ख्रिस्त. प्रजासत्ताक १७९७ सालीं लयास जाईपर्यंत हा नमुना जवळजवळ तसाच राहिला. तांबड्या समुद्राच्या व्यापारांतून हीं नाणीं पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत येत. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा हमरस्ता खानदेशांतूनच जात असे. सतराव्या शतकांतील फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निये ह्यानें त्या वाटेवरील नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडें हीं ठिकाणें नोंदलेलीं आहेत. परदेशी सोनें खानदेशांत येण्यास दुसऱ्या वाटेची गरज नव्हती.

आपल्याकडील लोकांना त्या नाण्यावर संत दिसला नाहीं कीं अधिपति दिसला नाहीं. दिसल्या त्या दोन पुतळ्या. म्हणून नांव पुतळी. मग सोनारांनीं स्वतःच तशा पुतळ्या घडविण्यास सुरुवात केली. ज्याला लॅटिन लिपीचा गंधही नाहीं अशा कारागिरानें कडेचीं अक्षरें नकलावयास घेतलीं, तेव्हां त्यांच्या उभ्या-आडव्या रेघा झाल्या. पुढें तर पुतळीवर लक्ष्मीही येऊन बसली. ह्याला खोटें नाणें म्हणतां यावयाचें नाहीं, कारण त्या सोनारानें कोणास फसविलेलें नाहीं. त्यानें दागिना घडविला व तो दागिना म्हणूनच विकला. परंतु एकाच माळेंत एखादा अस्सल डुकाट आणि बाकीच्या देशी पुतळ्या असणें अशक्य नाहीं. दोहोंचा कस सारखाच उतरला कीं कसोटीच्या दगडावर दोहोंची रेघ सारखीच उमटते, आणि मोड म्हणून दोहोंना भावही एकच मिळतो. भेद करावयाचा तो अक्षरांवरून. अस्सल डुकाटावर निशाण घेणाऱ्या अधिपतीचें नांव असतें, आणि त्या नांवावरून नाण्याचा काळ काढतां येतो. मुशींत गेलेल्या नाण्याचें नांव कोण वाचणार?

मुशींत जाण्याचे प्रसंगही थोडे नव्हते. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ ह्या काळांत तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि खानदेशच्या कापसाला न भूतो असा भाव आला. तो पैसा शेतकऱ्यानें बँकेंत ठेवला नाहीं; त्याला बँक ठाऊक नव्हती. तो बायकोच्या हातापायांत ठेवला. युद्ध संपलें, भाव कोसळला, आणि तेंच रुपें सावकाराच्या पेटींत जाऊं लागलें. पुढें दुष्काळ आला कीं पेटी भरे. सुगी बरी झाली कीं अर्धी रिकामी होई. उरलेली अर्धी आटवली जाई.

ह्या आटण्यांत काय जाऊं शकतें, ह्याचा पुरावा खानदेशच्या दक्षिणेस लागलेल्या नाशिक जिल्ह्यानें दिलेला आहे. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें चांदीच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. रेव्हरंड स्कॉट ह्यांनीं त्यांतील १३,२५० नाणीं तपासलीं. नाणें लहानसें, सुमारें दोन ग्रॅमचें. एका बाजूस राजाचा मुखवटा व ग्रीक अक्षरें, दुसऱ्या बाजूस बाण आणि वज्र. हीं क्षहरात क्षत्रप नहपानाचीं नाणीं. पैकीं ९,२७० नाण्यांवर नहपानाच्या ठशावरच दुसरा ठसा मारलेला होता : त्रिकूट चैत्य, उज्जयिनीचें चिन्ह, आणि गौतमीपुत्र सातकर्णीचें नांव. नाशिकच्या लेण्यांतील लेखांत गौतमी बलश्री आपल्या पुत्रानें क्षहरात वंश निःशेष केल्याचें सांगते. आईनें केलेली मुलाची स्तुति म्हणून तें वाक्य कोणी बाजूस सारूं शकला असता. परंतु जित्याच्या मुखवट्यावर जेत्याचा ठसा नऊ हजार वेळां उमटलेला पाहिल्यावर तशी सोय राहत नाहीं. स्कॉट ह्यांच्या आणखी एक गोष्ट ध्यानांत आली : नहपानाचे म्हणून जे मुखवटे आहेत, त्यांचें वय व चेहरेपट्टी सर्वत्र एकसारखी नाहीं. तराजूंत मात्र ठसा मारलेलें नाणें व न मारलेलें नाणें समतोल आहे. हा सांठा गुपचुप एखाद्या मुशींत गेला असता, तर चांदीचा एक गुंजभरही तोटा झाला नसता.

आणि गुपचुप जाण्यास कायदाच एका परीनें हातभार लावीत होता. १८७८ च्या भूमिगत धनाच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक मोलाचें धन सांपडल्यास कलेक्टरास वर्दी द्यावी लागते. धनी न निघाल्यास सामान्यतः तीन हिस्से सांपडविणाराचे व एक हिस्सा जमीनमालकाचा. सरकारास तें धन हवें असेल तर त्यानें धातूची किंमत आणि वर तिचा पांचवा हिस्सा द्यावा, असें ठरविलें आहे. म्हणजे दोन हजार वर्षांच्या इतिहासाचें मोल रुपयाला तीन आणे आणि वर कांहीं पै! पुरातन वस्तूंच्या रक्षणासाठीं कामीं येणाऱ्या कायद्यानेंही अखेर सराफाचाच तराजू उसना घेतला, हें विसरतां येत नाहीं.

निराळा तराजू धुळ्यास होता. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि त्याच्या प्रस्तावनेंत बखरींची झाडाझडती घेऊन अस्सल पत्रांच्या कसावर त्यांतलें किती टिकतें हें दाखवून दिलें. मालेचे बावीस खंड झाले. कस हा शब्द येथें धातूला लागत नाहीं. कागद कोणाच्या दप्तरांतला, तो त्या घरांत कां असावा, त्याची मिति त्यांतील मजकुराशीं जुळते कीं नाहीं, हे येथील प्रश्न. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच वारले आणि १९२७ सालीं तेथें त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ स्थापन झालें. भास्कर वामन भट ह्यांच्यासारख्या धुळेकरांनीं तें उभें केलें. मंडळाच्या संग्रहांत कागदपत्रें व पोथ्या आहेत, तशाच मूर्ति व नाणींही आहेत. सराफ कट्ट्यापासून चार पावलांवर वस्तूला तिचें कुळ विचारणारें एक घर त्या शहरांत झालें.

आतां पारडें पार फिरलें आहे. जुन्या नाण्याची किंमत धातूच्या कित्येक पट झाल्यावर खोटें करणारास धातूंत काटकसर करण्याचें कारणच उरलें नाहीं. शिवछत्रपतींचा सोन्याचा होन घ्या. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळचें हें नाणें तीन माशांहून किंचित कमी वजनाचें. आज ज्ञात असलेले अस्सल होन फारच थोडे. नकली होन चोख सोन्याचा करतां येतो. तो कसोटीवर उतरतो, आणि हल्लीं पेढीवर क्ष-किरणांनीं कस सांगणारें जें यंत्र असतें त्यावरही उतरतो. यंत्र सोनें खरें म्हणतें. गिऱ्हाईक होन खरा असें ऐकतें. फसवणूक नेमकी ह्या दोन वाक्यांमधील अंतरांत बसलेली असते.

तांब्याच्या शिवराईची कथा थोडी निराळी. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हीं अक्षरें तिच्यावर असतात. परंतु महाराजांच्या पश्चात्, पेशवाईंतही, त्याच नांवानें शिवराया पडत राहिल्या. दोन आडव्या दांड्यांची दुदांडी शिवराई ही त्या पुढच्या काळांतली. तेव्हां पेढीवर मिळालेली शिवराई अस्सल असूनही महाराजांच्या वेळची नसणें हेंच अधिक संभवनीय. नाण्याची चकती ठशाहून पुष्कळदां लहान असल्यामुळें सगळीं अक्षरें एकाच नाण्यावर पुरीं उतरलेलीं क्वचितच आढळतात. सर्व अक्षरें स्वच्छ, कड गुळगुळीत, पृष्ठभागावर सुईच्या टोंकाएवढीं भोंकें, असें नाणें दिसलें तर हात आंखडता घ्यावा. आणि गृहिणींनीं चिंच लावून तांबें लखलखीत करण्याचा मोह तेवढा आवरावा. शतकांचा हिरवा थर हाच नाण्याचा जन्मदाखला असतो.

अशा वस्तूबरोबर हटकून एक गोष्टही विकली जाते : विहीर खणतांना हंडा सांपडला, घर पाडतांना भिंतींतून पुरचुंडी निघाली. ही गोष्ट खोटी असेल तर वस्तूही बहुधा खोटी. आणि खरी असेल तर त्या वस्तूची जागा जिल्हाधिकाऱ्याकडे आहे, गिऱ्हाइकाच्या खिशांत नाहीं. १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदा १९७६ पासून अंमलांत आल्यावर शंभर वर्षांपलीकडील वस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो, व त्या परदेशीं नेण्यास खासगी माणसाला मनाई आहे.

फिरत्या विक्रेत्याजवळ जें नसतें तें एक साधन गहाणाच्या पेढीवर मात्र असतें. पेढीची वही. कोणत्या गांवच्या कोणी, कोणत्या मितीस, कोणती चीज, किती वजनाची ठेवली, हें तींत सावकारानें आपल्या रकमेच्या काळजीपोटीं लिहून ठेवलेलें असतें. ‘पुतळ्यांची माळ एक, नग अमुक, कडी तुटकी’ एवढी ओळ असली तरी ती माळ कोणत्या गांवच्या घरांतून निघाली हें कळतें, आणि राजवाड्यांचा पहिला प्रश्न तोच असे. पण गहाण सुटलें कीं खत फाडून टाकण्याची रीत आहे; गहाण बुडालें कीं माळ मुशींत जाते, आणि हिशेब पुरा झालेली वही आज ना उद्यां रद्दींत.