अमळनेरचे शेअर

२९ डिसेंबर १९४५ रोजी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ नावाची कंपनी नोंदवली गेली. मालक महंमद हाशम प्रेमजी. कारखाना तेव्हाच्या पूर्व खानदेशात, अमळनेरला. माल वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा साबण. गावातल्या काही व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी या कंपनीचे शंभर रुपयांचे शेअर घेतले. तीच आजची विप्रो. पुढे बोनस शेअर मिळत गेले आणि ज्या घरांनी ते कागद विकले नाहीत ती कोट्यधीश झाली, ही गोष्ट शेअर बाजारावर बोलणारा प्रत्येक जण सांगतो. धीर धरा, फळ मिळेल, असं तिचं तात्पर्य काढलं जातं.

मला ते पटत नाही. त्याच अमळनेरात प्रताप मिल होती. नावाजलेली, शेकडो घरं पोसणारी. ती बंद पडली. तिच्यावर कुणी कितीही धीर धरला असता तरी गिरणी चालली नसती. शिवाय १९४७ साली शेअर घेणाऱ्या कुणालाही सॉफ्टवेअर दिसणं शक्य नव्हतं. १९६६मध्ये वडील वारले म्हणून एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण सोडून परतले, आयबीएमने १९७०च्या दशकाच्या अखेरीस भारतातून गाशा गुंडाळला, आणि त्या रिकाम्या जागेत एका तूप-साबणाच्या कंपनीने संगणक बनवायला घेतले. यातलं काहीच अमळनेरच्या हिशेबात नव्हतं.

हिशेबात होतं ते वेगळंच. कारखाना चालू आहे का, माल बाहेर जातोय का, पगार वेळेवर होतात का, हे त्यांना रस्त्यावरून जाता-येता कळत होतं. ताळेबंद न वाचताही ते ताळेबंदातल्याच गोष्टी पाहत होते. आमच्या रत्नागिरीजवळ रनपारला फिनोलेक्सचा पीव्हीसीचा मोठा कारखाना आहे. माझ्या ओळखीतली मुलं मोबाइलवर रोज शेअर घेतात-विकतात, पण त्या कारखान्याचा वार्षिक अहवाल उघडून पाहिलेला त्यांच्यात अजून एकही भेटला नाही.

आता फेब्रुवारी २०००. सेन्सेक्स सहा हजारांवर. केतन पारेखच्या मर्जीतल्या पेंटामीडिया ग्राफिक्स, डीएसक्यू सॉफ्टवेअर अशा शेअरांची चलती होती. पण ती कथा सोपी आहे : पोकळ फुगा, मग घोटाळा, मार्च २००१मध्ये अटक. अवघड गोष्ट विप्रोची आहे, कारण विप्रो पोकळ नव्हती. तिचे सुमारे २३ कोटी शेअर होते आणि एका शेअरचा भाव नऊ हजारांपुढे गेला. म्हणजे बाजाराने कंपनीची किंमत केली दोन लाख कोटी रुपये. तिची वर्षाची सगळी विक्री अडीच हजार कोटींच्याही आत होती. विक्रीच्या ऐंशीपट! नफ्याच्या नव्हे, विक्रीच्या. हा भागाकार करायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही, आणि दोन्ही आकडे तेव्हाही उघडच होते.

पुढच्या दीड वर्षात भाव पाचव्या हिश्श्याच्याही खाली आला. त्याच काळात कंपनीची विक्री वाढली, नफाही वाढला. ‘चांगली कंपनी घ्या’ एवढाच सल्ला पाळून २०००मध्ये विप्रो घेणाऱ्याची निवड चुकली नव्हती, मोजलेली किंमत चुकली होती. शंभर रुपयांत घेतलेल्या अमळनेरकरासाठी ती पडझड कागदावरची होती. नऊ हजारांत घेणाऱ्यासाठी ती बचत होती, काहींसाठी कर्ज. दोघांकडे एकाच कंपनीचा शेअर होता.

२०१३मध्ये विप्रोने साबण, तेल आणि दिव्यांचा धंदा वेगळ्या, बाजारात नोंद नसलेल्या कंपनीत काढला. तेव्हापासून विप्रोच्या शेअरमध्ये अमळनेरचा तो कारखाना नाही.