ज्युरी पद्धती : मुंबईतील अनुभव आणि पारशी विवाह न्यायालये

भारतातील ज्युरी पद्धतीचा अस्त सामान्यतः नानावटी खटल्याशी जोडला जातो. १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयातील ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीस निर्दोष ठरविले. न्यायाधीशांनी असहमती दर्शवून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले व तेथे आरोपी दोषी ठरला. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला स्थान उरले नाही.

तथापि या पद्धतीतील मूळ दोष फार पूर्वीच उघड झाला होता. लोकमान्य टिळकांवरील १८९७ च्या राजद्रोह खटल्यात सहा युरोपीय ज्युररांनी दोषी, तर तीन भारतीयांनी निर्दोष असे मत दिले. १९०८ मध्ये हेच प्रमाण सात विरुद्ध दोन असे होते. बहुमत ग्राह्य असल्याने ज्युरीची निवड हीच निकालाची दिशा ठरवीत होती.

फौजदारी न्यायातून लोप पावलेले हे तत्त्व वैवाहिक न्यायात मात्र टिकले. तारापूर-डहाणू किनाऱ्यावर जुनी वस्ती असलेल्या पारशी समाजासाठी १९३६ च्या पारशी विवाह व घटस्फोट कायद्याने तशी व्यवस्था केली. कायद्याचे प्रश्न न्यायाधीश, तर वस्तुस्थितीचे प्रश्न समाजातील प्रतिनिधी बहुमताने ठरवितात. स्थानिक पारशांना मत मांडण्याची संधी देऊन शासन हे प्रतिनिधी नेमते. १९८८ च्या दुरुस्तीने खटल्यातील त्यांची संख्या सातवरून पाच झाली. अर्थात, लहान समाजात पक्षकारांच्या खाजगीपणाचा प्रश्न उरतोच.

निष्कर्षतः, सामान्य नागरिकांचा न्यायदानातील सहभाग हा दोष नव्हे. त्यांची निवड कोण व कशी करतो, हाच सुधारणेचा खरा विषय ठरतो.