पडण्याआधी चाक पोचतं

15 जुलै 2020. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, बेडफर्ड गावच्या सेगवेच्या कारखान्यात तुम्ही उभे आहात. शेजारी-शेजारी दोन चाकं, त्यांच्यामध्ये पाय ठेवायला पाटा, समोर उभा दांडा आणि त्यावर हँडल, अशी ती गाडी आजपासून बनायची थांबते आहे. जवळपास एकोणीस वर्षांत जेमतेम 1 लाख 40 हजार गाड्या खपल्या. विमानतळावर गस्त घालणारे शिपाई, मॉलमधले पहारेकरी, शहर बघायला निघालेले पर्यटक, एवढेच तिचे सोबती उरले. गेल्याच महिन्यात मुंबई पोलिसांनी वरळी सी-फेसवर याच जातीच्या, उभ्यानं चालवायच्या गाड्या गस्तीला आणल्या आहेत. तिथं त्यांचं कौतुक चाललंय आणि इथं मूळ गाडी संपते आहे.

बंद पडणारी वस्तू बघून तिच्याबद्दल मत ठरवू नका. आधी तिच्यावर चढा.

पहिला पाय ठेवताच पोटात गोळा येतो. पाटा किंचित हलतो, तुम्ही घाबरून मागे रेलता आणि गाडी मागे जाते. दचकून पुढे वाकता, तर ती पुढे येते. अर्धं मिनिट ही ओढाताण चालते. मग अंग सैल सोडता आणि ती जागच्या जागी उभी राहते. ब्रेक शोधाल तर तो नाही, अॅक्सिलरेटरही नाही. तळहातावर काठी उभी धरताना काठी जिकडे कलेल तिकडे आपण हात सरकवतो, तेवढंच ही गाडी करते. काठीच्या जागी तुम्ही आहात. तुम्ही पुढे कललात की ती चाकं तुमच्या खाली आणून ठेवते, आणि तुम्ही कललेलेच राहिलात तर चाकं धावतच राहतात. पडू लागणं हाच इथं चालवणाऱ्याचा हुकूम आहे. इतका साधा आणि इतका धाडसी विचार वाहनांच्या इतिहासात फार थोड्या वेळा झाला असेल.

आता मागे चला. 2015च्या नाताळात अमेरिकेतल्या एखाद्या घरासमोर थांबा. दहा-बारा वर्षांचं एक पोर हँडल नसलेल्या दोनचाकी फळीवर गरगर फिरतंय. लोक तिला हॉव्हरबोर्ड म्हणतात. फळीचे दोन भाग मधोमध सांध्यावर फिरतात. एक पाऊल पुढे दाबलं आणि दुसरं मागे, की जागच्या जागी गिरकी. मोबाइलमध्ये असतात तसल्या स्वस्त चिप कल मोजतात. पण या फळ्यांपैकी बहुतेकांमध्ये काहीच जोडीनं नाही. जे बंद पडेल त्याची जागा घेणारं दुसरं काही आत नसतं. त्यात हलक्या प्रतीचे लिथियम सेल. ठिकठिकाणी त्या पेट घेतायत, विमान कंपन्यांनी त्या बरोबर नेऊ द्यायचं बंद केलंय, आणि पुढच्या जुलैत एकट्या अमेरिकेत पाच लाखांहून जास्त परत मागवाव्या लागणार आहेत. तोल सांभाळण्याचं गणित उचललं, पण त्यामागची काळजी नाही उचलली. मला ही चोरी पेटंटच्या चोरीहून मोठी वाटते.

2009मध्ये क्षणभर टेका. या वर्षी आयबॉट नावाची एक चाकांची खुर्ची विक्रीतून जाते आहे. किंमत वीस हजार डॉलरच्या वर, आणि तिच्या खास करामतींचे पैसे द्यायला सरकारी आरोग्य विम्यानं नकार दिलेला. ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्यासाठी हे साल वाईट आहे. ती खुर्ची लक्षात ठेवा. आपण तिच्याकडेच निघालो आहोत.

सप्टेंबर 2003. सेगवे बाजारात येऊन फार दिवस झालेले नाहीत आणि आतापर्यंत विकलेल्या सगळ्या, सुमारे 6,000 गाड्या कंपनी परत बोलावते आहे. बॅटरी उतरलेली असताना कुणी एकदम वेग वाढवला, किंवा चाक अडथळ्यावर आदळलं, की माणूस पडू शकतो. का, ते समजून घ्यायला पुन्हा एकदा गाडीवर उभे राहा आणि वेग वाढवत न्या. पुढे झुकलेल्या माणसाला सावरायचं तर चाकांनी त्याच्याही पुढे जायला हवं. म्हणजे वेग कमी करण्यासाठी गाडीला आधी क्षणभर आणखी जोरात पळावं लागतं! मोटरची सगळी ताकद धावण्यातच खर्च झाली असेल तर सावरायला काय उरणार? म्हणून ताशी 20 किलोमीटरच्या जवळ पोचताच गाडी स्वतःच चाकं जरा पुढे काढते, पाटा मागे कलतो आणि हँडल तुम्हाला हळूच मागे ढकलतं. हा शिष्टपणा नव्हे. ती तुमच्या पडण्यासाठी ताकद राखून ठेवते आहे. उतरलेल्या बॅटरीत ती राखीव ताकद पुरेनाशी झाली होती. उपाय सॉफ्टवेअर बदलून झाला.

3 डिसेंबर 2001ची सकाळ, न्यूयॉर्कचं ब्रायंट पार्क. टीव्हीवरच्या सकाळच्या कार्यक्रमात गाडीचे जनक डीन केमन पडदा दूर करतात. जानेवारीपासून देशभर अफवा होती की हा माणूस काहीतरी अद्भुत बनवतोय, कुणी म्हणे गुरुत्वाकर्षणावर मात, कुणी म्हणे हायड्रोजनवर चालणारं यंत्र. आणि समोर येते ही दुचाकी. गर्दीतला हिरमोड तुम्हाला स्पष्ट दिसेल. इथं फार वेळ घालवू नका. 5,000 डॉलरच्या आसपास किंमत, 38 किलो वजन, फूटपाथला जड आणि रस्त्याला हळू. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को तिला फूटपाथवरून हटवणार आहे. शहरं या गाडीसाठी बदलतील हा केमन यांचा अंदाज चुकला. गाडीच्या आतलं काम मात्र चुकलेलं नाही, आणि ते बघायला अजून दोन वर्षं मागे जायला हवं.

मँचेस्टर, न्यू हॅम्पशायर. मेरिमॅक नदीकाठी विटांच्या जुन्या कापड गिरण्या, आणि त्यांतल्या इमारतींमध्ये केमन यांची डेका ही संस्था. गाडीचं गुप्त नाव आहे जिंजर. टेबलावर तिचं पोट उघडं पडलंय, जवळ या. हे पाच छोटे गायरोस्कोप. त्यांत गरगरणारा भोवरा नाही, सिलिकॉनची थरथरणारी कडी आहे; गाडी कलली की थरथरीची दिशा सरकते आणि त्यावरून कलण्याचा वेग कळतो. कामाला तीन पुरले असते, बाकीचे चुका पकडायला. पण गायरोस्कोपची बारीक चूक साठत जाते. म्हणून सोबत हे दोन द्रव भरलेले कलमापक, जे खाली म्हणजे नेमकं कुठं हे सांगतात. ते धक्क्यांनी गोंधळतात, गायरोस्कोप गोंधळत नाहीत. दोघांचं ऐकून गाडी खरं काय ते ठरवते, सेकंदाला शंभर वेळा.

मोटरींकडे बघा. प्रत्येकीत तारांचे दोन स्वतंत्र वेढे, त्यांना चालवणारी दोन स्वतंत्र सर्किटं, आणि बॅटऱ्याही दोन. एक बाजू मेली तर दुसरी तुम्हाला थांबेपर्यंत उभं धरते. चारचाकी बंद पडली तर जागेवर उभी राहते. हिला ती सोय नाही, म्हणून हिच्यात जवळजवळ सगळं जोडीनं आहे. आणि कान द्या: गिअरच्या दोन टप्प्यांचे आवाज मुद्दाम दोन सप्तकांच्या अंतरावर जुळवलेत, चाक फिरताना कर्कश वाटू नये म्हणून. जे काम कुणाच्या लक्षातही येणार नाही त्यावर इतकं मन लावणारी माणसं मला फार जवळची वाटतात.

आता शेवटची उडी, 1990च्या दशकाच्या मध्यात, याच गिरण्यांमध्ये. याहून मागेही जाता येईल. 1980च्या दशकात तोक्योजवळच्या चोफू इथं प्राध्यापक काझुओ यामाफुजी यांनी शेजारी-शेजारी दोन चाकांवर तोल धरणारा यंत्रमानव बनवला होता. पण त्यावर माणूस नव्हता. इथं आहे.

फूटपाथच्या कडेशी अडलेला, चाकांच्या खुर्चीतला एक तरुण केमन यांना दिसला, अशी हकीकत ते अनेकदा सांगतात. त्यातून ही खुर्ची, म्हणजे आयबॉट, निघाली. हिचं गुप्त नाव फ्रेड. पुढे दुसऱ्या यंत्राला जिंजर म्हटलं ते फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स या नर्तकांच्या जोडीवरून. बसा हिच्यात. पट्टा बांधा. दोन्ही बाजूंना मोठ्या चाकांची एकेक जोडी आहे, आणि ती सगळी जोडीच एका आसाभोवती फिरू शकते. कळ दाबा. पुढची चाकं उचलून मागच्यांवर चढतात, आसन वर जातं, आणि तुम्ही दोन चाकांवर उंच, डुलत, पण न पडता बसलेले असता. समोरचा इंजिनिअर आता खाली वाकून बोलत नाही. त्याचे डोळे तुमच्या डोळ्यांच्या रेषेत आहेत. सरकारी मान्यता मिळायला 2003 उजाडेल, मग 2009चा तो बंद दरवाजा, आणि पुढे बरीच वर्षं गेल्यावर नवी आवृत्ती. माझ्या मते सेगवेच्या सगळ्या गाजावाजापेक्षा या एका उंचीचं मोल जास्त आहे.

खांद्याला धक्का द्यायला सांगा त्या इंजिनिअरला. चाकं लगेच तुमच्या खाली येतात.

आता खुर्ची चार चाकांवर घ्या आणि जिन्याकडे पाठ करा. कठडा घट्ट धरा, आणि मागे झुका. तुमचा भार मागे गेला हे खुर्चीला कळतं. चाकांची जोडी उलटते, मागचं चाक पायरीवर टेकतं, आणि तुम्ही एक पायरी वर. सरळ बसलात की ती थांबून वाट बघते. वरच्या मजल्यावरही काम चालू आहे. पुन्हा मागे झुका.