मुंबईचा डास जिबूतीत

ॲनॉफिलीस स्टिफेन्सी म्हणजे आपला मुंबईचाच डास. १९११ साली बेंटली यांनी शहरातल्या मलेरियाचं खापर त्याच्यावर आणि विहिरींवर फोडलं. विहिरी बुजवण्यावरून केवढा वाद पेटला! तोच २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडल्याचं वाचून मी चमकलो. तिथल्या ओळख-तक्त्यांत तो नव्हताच. सोंडेलगतच्या स्पर्शकांवरचे पांढरे पट्टे-ठिपके नीट न पाहिल्यास तो स्थानिक गॅम्बी वाटायचा. गॅम्बी डबक्यांत वाढतो, हा पाण्याच्या टाक्यांतही. ओळख चुकली की उपायही चुकला. २०१६ मध्ये इथिओपियात केब्री देहारला सापडलेल्या डासांची ओळख डीएनएने पक्की केली. जिबूतीत २०१२ मध्ये २७ रुग्ण होते. २०२० मध्ये ७० हजारांहून अधिक.