गस्तीला पोरगं पाठवावं का? ग्राम सुरक्षा दलात नाव घालण्याआधी

गावात चोर आल्याची बोलवा उठली की दोन दिवसांत गस्त सुरू होते. घरटी एक माणूस, हातात बॅटरी, कुणाकडे काठी, चौकात शेकोटी आणि चहाचं पातेलं. कोरेगाव-खटावपासून खाली तासगाव-जतपर्यंत हे चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पण गस्तीची यादी मुस्लिम मोहल्ल्यात आली की घराघरात एक वेगळीच चर्चा होते. अब्बा म्हणतात, गावाचं काम आहे, गेलंच पाहिजे. अम्मी म्हणतात, नको, अंधारात काही कमीजास्त झालं तर नाव आपल्याच पोराचं पुढं येईल.

अम्मींची भीती खोटी नाही. तरीही आमचं मत असं की पोरानं जावं. मात्र पोलीस ठाण्यात नाव नोंदवून जावं, आणि मोहल्ल्याची वेगळी गस्त न काढता गावाच्या एकाच दलात जावं. या दोन अटी का, ते समजून घेण्यासाठी आधी कायदा पाहू.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (जुना मुंबई पोलीस अधिनियम) यात कलम ६३ ब आहे. गावातल्या लोकांच्या जीविताचं आणि मालमत्तेचं रक्षण करण्यासाठी स्वयंसेवकांचं ग्राम सुरक्षा दल उभं करण्याची तरतूद त्यात आहे. म्हणजे गस्त ही पोलिसांच्या परवानगीनं आणि देखरेखीखाली चालणारी गोष्ट आहे. गावात यातला पहिला दुवा पोलीस पाटील. त्यांचं पद महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार आहे. दुसरा दुवा आपल्या गावाचे बीट अंमलदार. या दोघांना न विचारता काढलेली गस्त कितीही चांगल्या हेतूची असली तरी कायद्याच्या नजरेत ती रात्री फिरणाऱ्या माणसांची टोळीच ठरू शकते.

इथं एक गल्लत नेहमी होते. २०१६ साली दारूबंदी कायद्यात दुरुस्ती होऊन ‘ग्रामरक्षक दल’ आलं. ते ग्रामसभेतून बनतं आणि त्याचं काम अवैध दारूची माहिती देणं हे आहे. रात्रीच्या गस्तीशी त्याचा थेट संबंध नाही. नावं सारखी वाटतात म्हणून एकाचं ओळखपत्र दुसऱ्या कामाला दाखवू नये. शहरात, म्हणजे सातारा, कराड, सांगली, मिरज इथं ‘पोलीस मित्र’, शांतता कमिटी आणि मोहल्ला कमिटी हे शब्द कानावर येतात. शांतता आणि मोहल्ला कमिट्या बैठकीपुरत्या असतात. गस्तीसाठी पोलीस मित्र म्हणून वेगळी नोंद करावी लागते.

नोंदणीचं काम अवघड नाही. आधार कार्डाची प्रत आणि फोटो घेऊन ठाण्यात जायचं. पोलीस चारित्र्य पडताळणी करतात आणि यादी ठाण्यात राहते. ओळखपत्र, शिट्टी, जाकीट मिळेल की नाही हे ठाण्यावर अवलंबून. जाकीट नाही मिळालं तरी चालेल, पण यादीत नाव असल्याची खात्री स्वतः जाऊन करा. ‘पाटलांनी सांगितलंय, घातलंय नाव’ एवढ्यावर राहू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाला तर पाठवूच नका, मग तो उंचीनं वडिलांपेक्षा मोठा असला तरी.

नाव नोंदलेलं का हवं, त्याचं उत्तर त्याच कायद्याच्या दोन कलमांत आहे. पहिलं कलम १२२. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद स्थितीत, हत्यार घेऊन किंवा तोंड झाकून फिरणाऱ्याला पोलीस या कलमाखाली पकडू शकतात. डिसेंबरच्या थंडीत मफलर गुंडाळून हातात काठी घेतलेला पोरगा बाहेरून आलेल्या गाडीला कसा दिसत असेल, याचा विचार करा. दुसरं कलम ३७. सण, निवडणुका, आंदोलनं यांच्या सुमारास जिल्ह्यात मनाई आदेश निघतात. पेपरात बारीक अक्षरात ‘कलम ३७(१)(३) लागू’ अशी बातमी येते आणि आपण ती सोडून देतो. त्या काळात काठी, लाठी, शस्त्र बाळगायला आणि पाच किंवा जास्त लोकांनी जमायला बंदी असते. गस्तीची गरज लोकांना सर्वांत जास्त वाटते तेव्हाच हा आदेश चालू असतो. म्हणून अशा दिवसांत गस्त सुरू ठेवायची की नाही, हे बीट अंमलदारांना विचारूनच ठरवावं.

राखणदारी आपल्याकडे नवी नाही. बलुतेदारीच्या काळात गावाच्या राखणीचं काम रामोश्यांकडे आणि जागल्यांकडे असे. मुलाणी हाही त्याच गावगाड्यातला बलुतेदार. म्हणजे गावाच्या व्यवस्थेत आपल्या लोकांची जागा काल-परवाची नाही. पुढं १९४२ ची चळवळ दडपली गेल्यावर साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहिलं. तेव्हा आजचा सांगली जिल्हा साताऱ्यातच होता. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. त्या धामधुमीत दरोडेखोर भूमिगतांच्या नावावर गावं लुटू लागले होते. त्यांचा बंदोबस्त करायला कुंडलची तुफान सेना आणि गावोगावचे स्वयंसेवक होते. चोराच्या पायाला पत्री ठोकल्याच्या गोष्टी पारावर अजून रंगवून सांगतात. त्या परक्या सरकारच्या काळातल्या गोष्टी आहेत. आज तसं कुणी केलं तर चोर दवाखान्यात जाईल आणि गस्तवाला कोठडीत.

आज सामान्य माणसाला अटकेचा अधिकार किती आहे? भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ४० नुसार आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला किंवा फरारी घोषित गुन्हेगाराला कोणीही पकडू शकतो. पकडल्यावर विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत त्याला पोलिसांकडे द्यावं लागतं. ‘डोळ्यांसमोर’ हा शब्द महत्त्वाचा. संशय आला, अनोळखी वाटला, भाषा वेगळी बोलला, एवढ्यावर पकडायचा अधिकार कुणालाच नाही. झाडाला बांधायचा, मारायचा, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा तर प्रश्नच येत नाही.

आणि नेमकं इथंच घोटाळा होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून लोकांनी काठ्यांनी, पट्ट्यांनी मारलं. ते कर्नाटकातून पंढरपूरकडे निघाले होते आणि त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. पोलिसांनी चौकशी केली तर ते खरोखरच साधू निघाले. मारणारे आत गेले. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात तर पाच जणांचा जीव गेला. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते ते. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असे तिघे मारले गेले. तिथं लॉकडाऊनमध्ये चोर येतात म्हणून लोक रात्री पहाराच देत होते. शंभराहून जास्त लोकांना अटक झाली आणि ताब्यात घेतलेल्यांत अल्पवयीन मुलंही होती. त्यातल्या किती जणांनी प्रत्यक्ष हात उचलला होता, हे पुढं कोर्ट ठरवतं. पण बेकायदा जमावातल्या प्रत्येकाला जमावाच्या गुन्ह्यासाठी जबाबदार धरता येतं. ‘मी नुसता बघत होतो’ हे सिद्ध करता करता घरची जमीन विकायची वेळ येते.

राईनपाड्याच्याच दिवशी रात्री मालेगावात हाच प्रकार घडायला निघाला होता. मुलं पळवणारे समजून जमावानं एका कुटुंबाला घेरलं. त्यांच्याबरोबर दोन वर्षांचं लेकरू होतं. मोहल्ल्यातल्याच एका माणसानं त्यांना आपल्या घरात घेऊन दार लावलं आणि पोलीस येईपर्यंत ते उघडलं नाही. जमावानं पोलिसांच्या गाडीवरही राग काढला, पण ते सगळे वाचले. गस्तीवर जाणाऱ्या प्रत्येक पोराला ही हकीकत घरी बसवून सांगावी. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, बीड, जालन्याकडे रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावंच्या गावं जागी होती. पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी निघेल.

आता दुसरी अट, एकच दल असण्याची. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह पोस्टवरून जमाव मशिदीवर आणि घरांवर चालून आला. त्यात आपला एक तरुण गेला. जिल्ह्याचं इंटरनेट बंद करावं लागलं. त्यानंतर अनेक मोहल्ल्यांत ‘आपली पोरं आपणच जागती ठेवू’ असा विचार पुढं आला. तो समजण्यासारखा आहे. पण दोन मोहल्ल्यांची दोन वेगळी पथकं रात्री समोरासमोर आली तर एका शिट्टीचे दोन अर्थ होतात. मिरजेनं २००९ च्या गणेशोत्सवात संचारबंदी अनुभवली आहे. त्या दिवसांत एकमेकांच्या गल्लीतले फोन नंबर ज्यांच्याकडे होते ते किती कामाला आले, हे तिथल्या जाणत्यांना विचारा.

भिवंडीचं उदाहरण जुनं असलं तरी अजून उपयोगाचं आहे. १९८४ ला तिथं मोठी दंगल झाली. १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी सत्तरएक मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसं होती, दोन्ही समाजांची, आणि पोलीस ठाण्यातला साधा अंमलदार त्यांच्यात बसायचा. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. आपल्या जवळचं पाहायचं तर वाळवा तालुक्यातलं गोटखिंडी. तिथल्या एका मंडळाचा गणपती चार दशकांहून जास्त काळ गावच्या मशिदीत बसतो. अशा गावात गस्तीची पाळी लावताना कुणाला जास्त बोलावं लागत नसणार.

म्हणून पाळी लावतानाच जोड्या मिसळून लावा. एक मोहल्ल्यातला, एक वरच्या आळीतला. दोघांनी मिळून एकच रस्ता धरायचा, एकट्यानं शेताच्या वाटेला जायचं नाही. अनोळखी माणूस दिसला तर लांबूनच ‘कोण? कुठल्या गावचं पाव्हणं?’ असं विचारायचं, अंगाला हात लावायचा नाही. गाडीचा नंबर लिहून घ्यायचा आणि ११२ ला फोन करायचा. आपलं गाव ग्राम सुरक्षा यंत्रणेत जोडलेलं असेल तर १८०० २७० ३६०० या टोल फ्री नंबरवर नोंदवलेल्या मोबाईलवरून बोललेला निरोप गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर कॉल म्हणून वाजतो. चोरी, आग, बिबट्या, पूर, हरवलेलं मूल, सगळ्यासाठी तो चालतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपपेक्षा हे बरं, कारण निरोप कुणी दिला ते लपत नाही. जोडलं नसेल तर ग्रामपंचायतीत विचारा.

रात्रीपेक्षा दिवसाची राखण कमी महत्त्वाची नाही. शेतीच्या हंगामात सगळे रानात असतात आणि भरदुपारी कुलूप तुटतं. खानापूर-आटपाडीकडे गलाईच्या धंद्यामुळं वर्षातले कित्येक महिने बंद असणारी घरं आहेत. आपल्याकडे हजला गेलेल्यांचं घर महिना-दीड महिना बंद असतं, आणि ते हजला गेलेत हे सगळ्या गावाला माहीत असतं. ‘आम्ही पोलीस आहोत, पुढं चोरी झालीय, दागिने काढून रुमालात ठेवा’ म्हणणारे तोतयेही दिवसाच येतात. हे रोखण्यात बायकांचा हात कुणी धरू शकत नाही, कारण गल्लीत कोण रोजचं आणि कोण नवं हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. ठाण्याच्या बैठकीला त्यांनाही बोलवायला पाहिजे. रमजानमध्ये सहरीला उठवत फिरणारी पोरं पहाटे तीन-साडेतीनला सगळी गल्ली पाहून घेतात. त्यांचीही नावं त्या महिन्यापुरती बीट अंमलदारांना देऊन ठेवली तर दोन्ही कामं होतात.

कृष्णाकाठच्या लोकांना आणखी एक पाळी असते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ते ५७ फुटांवर गेलं होतं. लोक घर सोडायला तयार होत नाहीत, त्याचं एक कारण मागं राहिलेल्या सामानाची चिंता हे असतं. दलानं गल्लीवार यादी आधीच करावी: कुणाकडे म्हातारी माणसं, कुणाकडे बाळंतीण, कुणाची चावी कुणाकडे. मशीद, शाळा, मंगल कार्यालय यांतलं कुठलं उंचावर आहे ते त्यात लिहावं. पाण्यात बुडालेल्या घरांवर नजर ठेवायला पोहत किंवा साध्या होडीतून जाऊ नये. ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला माणसं बाहेर काढणारी बोट उलटून किती घरांत मयत झाली, ते पलूस तालुका विसरलेला नाही.

शेवटी एक वही. तारीख, पाळीवर कोण, किती वाजता कुठं, काय दिसलं. काही दिसलं नाही तर तसंही लिहायचं आणि दोघांनी सह्या करायच्या. सकाळी ती वही पोलीस पाटलांकडे द्यायची. उद्या कुणी विचारलं की त्या रात्री तुमचा पोरगा कुठं होता, तर उत्तर त्या वहीत असेल, आणि शेजारी वरच्या आळीतल्या जोडीदाराची सही असेल.