दवाखान्यांतील अधिकार आणि घरांतील अधिकार

ज्याच्या हातीं मिळकत, त्याच्या शब्दाला घरांत वजन, असा आपला सर्वसाधारण समज आहे. स्त्रियांच्या बाबतींत मात्र इतिहास या समजाला फारसा दुजोरा देत नाहीं. १८८५ मध्यें लेडी डफरिन यांनीं हिंदी स्त्रियांच्या वैद्यकीय साहाय्यासाठीं निधि उभारला, आणि ठिकठिकाणीं स्त्रियांचीं इस्पितळें निघूं लागलीं. त्यांत चाकरी करणाऱ्या पहिल्या विवाहित डॉक्टरणींपैकीं एकीची हकीकत आम्ही येथें देतों.

हैमवती सेन यांचा जन्म १८६६ च्या सुमारास, आज बांगलादेशांत असलेल्या खुलना जिल्ह्यांत झाला. बालपणींच पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थाशीं त्यांचें लग्न लागलें, व लवकरच वैधव्य आलें. १८९० मध्यें ब्राह्म मंडळींच्या साहाय्यानें कुंजबिहारी सेन यांच्याशीं त्यांचा पुनर्विवाह झाला. पुढें कलकत्त्याच्या कॅम्बेल मेडिकल स्कूलमध्यें शिकून त्यांनीं हुगळी-चिनसुरा येथील डफरिन स्त्री-इस्पितळाचा कारभार हातीं घेतला.

इस्पितळांत बाईंचा शब्द अखेरचा असे. घरचा उंबरा ओलांडतांच तो पहिलाही राहत नसे. पतीची स्थिर कमाई नव्हती. संसार बाईंच्या मिळकतीवर चाले. तरी पैशावर हुकमत पतीची, आणि स्वयंपाकपाणी व मुलेंबाळें बाईंकडे! प्रसंगीं त्यांनीं मारही सोसला.

आपल्याकडील आनंदीबाई जोशी यांचेंही उदाहरण वाचकांस आठवेल. ज्या गोपाळरावांनीं त्यांना शिकविलें, त्यांच्याच हातच्या माराचा उल्लेख आनंदीबाईंनीं अमेरिकेंतून पतीलाच लिहिलेल्या पत्रांत आहे. १८८६ मध्यें पदवी मिळाली, कोल्हापूरच्या इस्पितळांत नेमणूकही झाली. पण कामावर रुजू होण्यापूर्वींच १८८७ मध्यें त्यांचें देहावसान झालें.

असें कां व्हावें? आमच्या मतें, पतीची सत्ता त्याच्या कमाईवर उभी नव्हतीच; ती रूढीनें बहाल केलेली होती. उलट, पत्नीच्या अन्नावर आपण जगतों ही बोंच जितकी तीव्र, तितका हुकूम अधिक कडक. पत्नीलाही त्या सत्तेची गरज होती. रात्रीअपरात्रीं परक्या घरीं प्रसूतीसाठीं जाणाऱ्या बाईला लोकापवादापासून राखणारें कवच म्हणजे तिचें विवाहितपण. म्हणून तिनें पैसा दिला, कष्ट दिले, मान दिला. मन मात्र दिलें नाहीं.

हैमवतीबाईंनीं तें मन पतीच्या निधनानंतर अनेक वर्षांनीं बंगालीत लिहून काढलें. तें आत्मवृत्त इंग्रजी भाषांतररूपानें २००० मध्यें प्रसिद्ध झालें. एका छताखालीं राहणाऱ्या माणसाला जें कधीं सांगतां आलें नाहीं, तें शतकानंतरच्या अपरिचित वाचकांनीं वाचलें.

आज पतिपत्नी दोघेंही इस्पितळांत काम करतात, अशीं कुटुंबें आपल्या ओळखींत आहेत. त्यांच्या घरांत पगार किती येतो, हें सर्वांना ठाऊक असतें. त्याचा विनियोग कोण ठरवितो, आणि थकून आलेल्या दोघांत मनमोकळें बोलणें होतें कीं नाहीं, हें मात्र ज्यानें त्यानें आपल्या घरीं विचारून पाहावें.